उपवासाची जिलबी

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही आपल्या भाषेतील एक मिस्कील म्हण. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, रताळी, दाण्याचे लाडू आणि दुधाचे आटीव पदार्थ यांचा जो थाट घरोघरी उडतो, त्याची ही थट्टा आहे. परंतु थट्टेच्या पोटी बहुधा एखादे सूक्ष्म निरीक्षण दडलेले असते. माणूस संयमाचा संकल्प करतो, आणि संकल्पाचे उदक सोडलेला हात कोरडा होण्यापूर्वीच, संकल्पाला बाध न आणता जिभेचे कोड कसे पुरवता येतील याचा विचार करू लागतो. वजन उतरवू पाहणाऱ्यांसाठी हल्ली बाजारात कमी उष्मांकांचे चॉकलेट मिळते. ते या युगाचे नवे अपत्य आहे असा आपला समज असतो; पण गोडी आणि निग्रह यांच्यातील ज्या तडजोडीतून ते जन्मले, ती तडजोड फार जुनी आहे. तिचा माग काढावयाचा तर जबलपुरासारखे सोयीचे ठिकाण दुसरे नाही.

जबलपूर हे मराठी माणसाला परके नाही. नर्मदाकाठचा हा मुलूख १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेईपर्यंत त्यांच्याच अमलाखाली राहिला. पुढे मध्यप्रांताच्या कारभारात नागपूर आणि जबलपूर एकाच सूत्रात ओवली गेली, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उच्च न्यायालय जबलपुरास आले तेव्हा नागपूरची कित्येक मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली. या शहरात पाऊल टाकणाऱ्याला भेडाघाटचे संगमरवरी कडे जितक्या अगत्याने दाखवले जातात, तितक्याच अगत्याने एक जिलबी खाऊ घातली जाते. ती आपल्या पंगतीतील केशरी, कुरकुरीत जिलबी नव्हे. ती खव्याची असते. रंगाने काळसर तपकिरी, अंगाने जाड आणि मऊ, गुलाबजामाची जणू सख्खी बहीण. शहराची परंपरा तिचे जनकत्व हरप्रसाद बडकुल या हलवायाकडे आणि तिचे जन्मवर्ष १८८९ कडे नेते.

या जिलबीचे घटक ध्यानात घेण्याजोगे आहेत. तिच्यात मैदा नसतो. खव्याला बांधून ठेवण्यासाठी तिखूर, म्हणजे आपण जिला तवखीर म्हणतो ती, वापरतात. मध्य भारताच्या जंगलांत उगवणाऱ्या एका रानहळदीच्या कंदापासून हे सत्त्व काढले जाते. धान्याचे पीठ नाही, आंबवण नाही. दूध आणि कंद एवढाच ऐवज. अर्थात ही जिलबी उपवासाला चालते. मैद्याची जिलबी ज्या दिवशी वर्ज्य, त्या दिवशीही जिलबी खाण्याचा मार्ग या युक्तीने मोकळा झाला. धर्मशास्त्राच्या दृष्टीने व्यवस्था निर्दोष आहे. पण आजच्या आहारशास्त्राच्या तराजूत घातली तर मौज दिसते. शंभर ग्रॅम मैद्यात सुमारे साडेतीनशे उष्मांक असतात. तेवढ्याच खव्यात ते चारशेच्या वर जातात. तळण्याचे तूप आणि साखरेचा पाक दोहींकडे आहेतच. तात्पर्य, उपवासाची जिलबी ही बिनउपवासाच्या जिलबीहून जड भरते. वस्तू बदलली, नाव टिकले, मनाला परवानगी मिळाली, आणि शरीराच्या जमाखर्चात मात्र भर पडली. हा प्रकार नीट लक्षात ठेवावा. कारण पुढील सारा इतिहास याच नाट्याचे निरनिराळे प्रयोग आहेत.

जिलबी स्वतःच एक प्रवासी आहे. अरबी-फारसी जगातील ‘जलाबिया’ अथवा ‘जुल्बिया’ हे तिचे पूर्वज. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील व्यासंगी संशोधक प. कृ. गोडे यांनी भारतीय आहारशास्त्राच्या इतिहासावर लिहिताना जिलबीचा माग पंधराव्या शतकातील एका जैन ग्रंथापर्यंत नेला. सतराव्या शतकात रघुनाथ नावाच्या महाराष्ट्रीय पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा पाकशास्त्राचा आणि पथ्यापथ्याचा ग्रंथ रचला, त्यातही ती आहे. पाककृती आणि पथ्य यांचा विचार त्या काळी एकाच ग्रंथात होत असे, ही गोष्ट मोठी सूचक आहे. स्वयंपाकघर आणि वैद्याचे घर यांच्यामध्ये तेव्हा भिंत उभी राहिली नव्हती.

आता साखरेकडे वळू. जबलपूर आणि साखर यांचा संबंध हलवायाच्या दुकानापुरता नाही. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून ज्याचे नाव इतिहासात गाजले, तो विल्यम स्लीमन १८२८ मध्ये जबलपूर जिल्ह्याचा कारभारी झाला. याच स्लीमनने १८२७ च्या सुमारास मॉरिशस बेटातून ओटाहायटी जातीचा, जाड कांड्याचा आणि रसाळ ऊस भारतात आणवला, आणि त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. शर्करा हा मूळ शब्द आपला, उसाची विद्याही आपली. आणि तरी एकोणिसाव्या शतकात सुधारलेले बेणे आपल्याकडे समुद्रापलीकडून आले. पुढे तर तयार साखरही आली. तिला गुजरातीत आणि जुन्या मराठीत ‘मोरस’ हे नाव पडले, ते मॉरिशसवरूनच. त्या बेटावरील उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी १८३४ नंतर जे हजारो हिंदी मजूर नेले गेले, त्यांत कोकणातून गेलेली मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी सण पाळतात. स्वस्त साखरेच्या प्रत्येक दाण्यामागे कोणाचा तरी घाम होता, हे गोडीचा इतिहास सांगताना विसरून चालत नाही.

स्लीमनच्या कागदपत्रांत गोडीविषयीची आणखी एक विलक्षण नोंद आहे. पकडलेल्या ठगांच्या ज्या जबान्या त्याने नोंदवल्या, त्यांत ‘तपोनी’च्या गुळाचा उल्लेख वारंवार येतो. मोहिमेनंतर देवीपुढे ठेवलेला गूळ ठग वाटून खात. आणि ज्याने एकदा तो चाखला, तो मग कितीही सुखवस्तू असला तरी ठगीकडेच परततो, अशी त्यांची श्रद्धा होती. ही श्रद्धा अर्थातच स्वतःच्या क्रौर्याचे उत्तरदायित्व गुळाच्या खड्यावर ढकलण्याचा प्रकार होता. परंतु गोडाला माणसाच्या इच्छेहून प्रबळ मानण्याची ही वृत्ती आजच्या सभ्य समाजातही सर्वस्वी लोपलेली नाही. ‘काय करणार, गोड दिसले की हात आवरत नाही’ हे वाक्य आपण किती सहजपणे उच्चारतो!

ज्या वर्षी स्लीमनने जबलपूरची सूत्रे घेतली, त्याच १८२८ मध्ये हॉलंडातील ॲमस्टरडॅम शहरी व्हान हौटेन घराण्याला कोकोच्या बिया दाबून त्यांतील स्निग्धांश काढण्याच्या यंत्राचे एकस्व मिळाले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु त्या वर्षी गोडीच्या इतिहासाने जगाच्या दोन टोकांना कूस बदलली, असे म्हणावयास हरकत नाही. तोपर्यंत चॉकलेट हे पेय होते. मेक्सिकोतून स्पेनमध्ये आणि तेथून उर्वरित युरोपात ते पसरले होते. कोकोच्या बीमध्ये निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. त्यामुळे त्या पेयावर तुपाचा तवंग येई आणि ते पचावयास जड जाई. नव्या यंत्राने त्यातील बराचसा स्निग्धांश पिळून काढला आणि मागे राहिलेल्या पेंडीची भुकटी झाली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर जगातील पहिले हलके चॉकलेट ते हेच.

पण कथेचा खरा मर्मभाग पुढेच आहे. पिळून काढलेल्या कोकोच्या लोण्याचे करावयाचे काय? १८४७ मध्ये इंग्लंडातील फ्राय कंपनीने ते लोणी कोकोची भुकटी आणि साखर यांच्यात पुन्हा मिसळले, साच्यात ओतले, आणि दातांनी तोडून खाण्याची वडी तयार केली. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील डॅनियल पीटर याने तीत दुधाची भर घातली. १८७९ मध्ये रुडॉल्फ लिंट याने ती तासन्‌तास घोटून जिभेवर विरघळेल इतकी मुलायम केली. पेय हलके करण्यासाठी जे काढून टाकले, त्यानेच वडी जड केली. भारतात ही वडी रुळली ती स्वातंत्र्यानंतर. कॅडबरीने येथे १९४८ मध्ये बस्तान बसवले, १९६५ पासून केरळात कोकोच्या लागवडीला चालना मिळाली, आणि पुढे सहकारी संस्थाही या धंद्यात उतरल्या.

उपवास आणि चॉकलेट यांचा झगडा मात्र वडीच्या जन्माआधीचा आहे. कॅथलिक पंथाच्या उपवासात चॉकलेट प्यावे की नाही, हा सतराव्या शतकात मोठ्या वादाचा विषय झाला होता. १६३६ मध्ये अंतोनियो दे लेओन पिनेलो याने माद्रिदमध्ये या एकाच प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १६६४ मध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी निर्वाळा दिला, की चॉकलेट हे पेय आहे, आणि पेयाने उपवास मोडत नाही. बडकुलांच्या कढईतील युक्ती आणि कार्डिनलांच्या लेखणीतील युक्ती यांत तत्त्वतः भेद नाही. एकाने पदार्थाचे घटक बदलले, दुसऱ्याने पदार्थाची जात बदलली. दोघांनीही एकच प्रश्न विचारला : ‘हे चालते का?’ ‘हे किती?’ असा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

तो प्रश्न विचारण्याची वेळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा एक गृहस्थ होता. प्रेतयात्रांची व्यवस्था करणे हा त्याचा व्यवसाय. देह इतका फुगलेला की जिने उतरताना तो उलटा उतरे. विल्यम हार्वी या वैद्याच्या सल्ल्याने त्याने साखर, पाव, लोणी, दूध, बीर आणि बटाटे सोडले, आणि सुमारे वर्षभरात ४६ पौंड वजन उतरवले. १८६३ मध्ये आपला अनुभव त्याने एका पुस्तिकेत छापला. तिचा इतका बोलबाला झाला की इंग्रजीत पथ्य करण्याला त्याच्याच नावावरून क्रियापद रूढ झाले. शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर याने अन्नातील ऊर्जा मोजण्याचे काम चिकाटीने केले, आणि पिष्टमय व प्रथिनयुक्त पदार्थांना ग्रॅमला चार आणि स्निग्ध पदार्थांना नऊ उष्मांक हा हिशेब सर्वमान्य झाला. अन्नाला एक नवी मोजपट्टी लागली.

मोजपट्टी हाती आली तशा पळवाटाही नव्याने निघाल्या. १८७९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टन्टिन फाहलबर्ग याला डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांवर काम करताना सॅकरीनचा शोध लागला. गोडी शेकडो पट, ऊर्जा शून्य! १९०८ च्या सुमारास या पदार्थावर बंदी घालण्याची गोष्ट निघाली तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट संतापले. कारण त्यांचे वैद्य त्यांना तो रोज देत असत. पुढे १९३७ मध्ये सायक्लामेट आणि १९६५ मध्ये ॲस्पार्टेम यांचा शोध लागला. साखरेला प्रतिनिधी मिळाले. मग चॉकलेटमधील साखर काढून तेथे असा प्रतिनिधी बसवला की काम झाले, असे कोणासही वाटावे.

परंतु येथे अंकगणित आडवे येते. शंभर ग्रॅम दुधाच्या चॉकलेटमध्ये सुमारे ५४० उष्मांक असतात. त्यात साखर ४५ ग्रॅम धरली तर तिचे उष्मांक १८० होतात. आणि ३० ग्रॅम स्निग्धांशाचे होतात २७०. साखर केवळ गोडीसाठी नसते, वडीचे आकारमानही तीच भरून काढते. म्हणून नुसत्या चिमूटभर सॅकरीनने भागत नाही, माल्टिटॉलसारखे भरीव द्रव्य घालावे लागते. त्याचे उष्मांक ग्रॅमला सुमारे २.४. म्हणजे ४५ ग्रॅमचे १०८. बचत झाली ती ७२ उष्मांकांची, एकूण ऐवजाच्या जेमतेम अष्टमांशाची. कारण खरा भार साखरेचा नव्हताच. तो त्या लोण्याचा होता, जे १८२८ मध्ये काढले आणि १८४७ मध्ये परत घातले. ‘साखरविरहित’ हे शब्द खरे असतात, पण ‘हलके’ हा अर्थ वाचणारा आपल्या पदरचा घालतो. आपल्याकडील अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे घन पदार्थाला ‘अल्प ऊर्जेचा’ म्हणवून घेण्यासाठी शंभर ग्रॅममागे ४० हून अधिक उष्मांक असता कामा नयेत. ही अट पुरी करणारी चॉकलेटची वडी संभवत नाही. तिला फार तर ‘इतरांहून कमी’ एवढेच म्हणता येईल. याउलट, पिळलेल्या कोकोची एक चमचा भुकटी साय काढलेल्या गरम दुधात ढवळली, तर भुकटीमुळे दहा-बारा उष्मांकांचीच भर पडते. ज्याला चॉकलेटचा स्वाद हवा आणि भार नको, त्याला व्हान हौटेनचे यंत्र आजही उपयोगी पडते.

चॉकलेट हळू खाल्ले जावे म्हणून एकदा अगदी उफराटा उपायही योजला गेला आहे. जबलपुरात १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे आणि शिबंदीची वस्ती तर त्याहून जुनी. तेव्हा लष्कराची ही गोष्ट त्या शहराच्या संदर्भात अप्रस्तुत ठरू नये. १९३७ मध्ये अमेरिकन सेनेने हर्शी कंपनीकडून आणीबाणीच्या शिध्यासाठी चॉकलेटची वडी करवून घेतली. चार औंसांत ६०० उष्मांक हवेत, उन्हात ती वितळू नये, आणि चवीला ती उकडलेल्या बटाट्याहून किंचितच बरी असावी, अशी मागणी करण्यात आली. चवदार केली तर शिपाई संकटाची वाट न पाहता ती आधीच फस्त करतील, ही धास्ती! मनुष्यस्वभावाची याहून रोखठोक पारख क्वचितच झाली असेल. चव आणि प्रमाण यांचे नाते सेनापतींना कळले होते. ते वैद्यांना आणि व्यापाऱ्यांना उमगावयास वेळ लागला.

हे कळणे आज केवळ कुतूहलाचा विषय उरलेले नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या तेरा कोटींच्या पुढे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिले, की आपल्याकडील बालक जन्मतः वजनाने कमी असूनही त्याच्या देहात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असते. म्हणूनच, जे वजन युरोपीय माणसाला सोसते ते आपल्याला सोसत नाही. आणि त्याच २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला, की वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून साखरेच्या बिनऊर्जेच्या प्रतिनिधींचा आश्रय करू नये. दीर्घकाळात त्यांनी मेद घटल्याचे दिसत नाही. (मधुमेह असलेल्यांना हा सल्ला उद्देशून नाही.) कारणे अनेक असतील, पण एक कारण आपल्या म्हणीला ठाऊक आहे. ‘हे चालते’ असे एकदा ठरले की हात दुप्पट चालतो.

या प्रश्नावर आपल्या प्राचीनांनी काय म्हटले, तेही पाहू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश या दोन्ही देहांचा विचार एकाच अध्यायात केला आहे. स्थौल्याच्या कारणांत गोड, स्निग्ध आणि जड अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप यांच्या जोडीला बीजस्वभावही, म्हणजे आनुवंशिकताही, गणली आहे. आणि उपाय सांगताना एक मार्मिक सूत्र दिले आहे : स्थूलाला असे अन्न द्यावे जे पचावयास जड असेल पण पोषण थोडे करील. भूक भागावी आणि मेद वाढू नये, ही आजच्या हलक्या पदार्थांमागील कल्पना तेथे स्पष्ट आहे. फरक एवढाच, की चरकाने त्यासाठी मिठाई बदलली नाही, धान्य बदलले. सातू, सावा, ज्वारी, मूग, कुळीथ आणि कोद्रव यांची नावे त्या यादीत आहेत. हे कोद्रव म्हणजेच मंडला-दिंडोरीच्या गोंडांचे कोदो. खव्याच्या जिलबीपासून अवघ्या काही कोसांवर, डोंगरउतारांवर, चरकाचे पथ्य शतकानुशतके पिकत आले आहे. आणि ते गरिबाचे अन्न म्हणून दुर्लक्षित राहिले.

मग वजन उतरवू पाहणाऱ्याने चॉकलेट खाऊच नये काय? इतिहासाचा कौल इतका कठोर नाही. ज्या पथ्यात आनंदाला जागाच नाही, ते पथ्य फार दिवस टिकत नाही, हे खरे. हलका पदार्थ ही वाईट गोष्ट नव्हे. मात्र त्याला उपवासाची प्रतिष्ठा देणे घातक. गोड ते गोडच. ते घटक बदलल्याने पथ्य होत नाही, आणि जात बदलल्याने पाणी होत नाही. ते फक्त प्रमाणाने सुसह्य होते. दहा ग्रॅमच्या अस्सल चॉकलेटच्या तुकड्यात पंचावन्नच्या आसपास उष्मांक असतात. ‘चालते’ म्हणून खाल्लेल्या पन्नास ग्रॅमच्या साखरविरहित वडीत दोनशे तीसच्या वर. दोहोंपैकी हलके कोणते, याचा निवाडा कोणीही करावा.

आपल्या रूढींत हे शहाणपण अजून जिवंत आहे. पंगतीत पैजेने जिलब्या रिचवणाऱ्या वीरांच्या कथा आपण रंगवून सांगतो खऱ्या. परंतु आनंदाची वार्ता आली की आपण तोंड गोड करतो ते हातावरच्या चिमूटभर साखरेने. संक्रांतीचा तिळगूळ बोटांच्या चिमटीत मावतो आणि देवाचा प्रसाद तळहाताच्या खोलगटात. त्या चिमटीला कोणी अपुरी म्हणत नाही, कारण ती मुळी पोटासाठी नसतेच. जबलपूरला जाणाऱ्याने खव्याची जिलबी अवश्य खावी. ती खाण्याजोगीच आहे. फक्त एक खावी, उपवासाच्या नावाने खाऊ नये, आणि ती खाताना जेवणाची घाई करू नये.